चाक-रूळ घर्षण आणि वंगणाची टेस्ट कशी करायची : नवीन रिसर्च सुरू करणाऱ्यांसाठी

चाक-रूळ घर्षणावर प्रोजेक्ट किंवा पीएचडी सुरू करणारे बरेच जण पहिल्याच मीटिंगला विचारतात की घर्षण जास्तीत जास्त किती खाली आणता येईल, आणि मग सगळा टेस्ट प्लॅन त्याच दिशेनं बनतो. तर आधी हे डोक्यातून काढा. रुळाच्या आतल्या बाजूला, म्हणजे गेज फेसवर, जिथं वळणावर चाकाची फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) घासते, तिथं म्यू, म्हणजे घर्षण गुणांक, ०.१ च्या आसपास मिळाला तर उत्तमच. पण रुळाच्या माथ्यावर तोच ०.१ आला तर गाडी थांबायची पंचाईत, तिथं आपल्याला ०.३ ते ०.४ हवा असतो. आणि चढावर इंजिनाच्या चाकाखाली त्याहून जास्त मिळाला तरी ड्रायव्हर खूशच. म्हणजे एकाच रुळावर, चार बोटांच्या अंतरात, दोन वेगवेगळी टार्गेट्स. तुमचं वंगण यातल्या कुठल्या जागेसाठी आहे हे पहिल्या पानावर लिहा, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

माथ्यावरचं वंगण का धोक्याचं, ते साध्या हिशोबात बघा. गाडी ताशी १०० किमीनं सपाट रुळावर चाललीय, सगळ्या चाकांना ब्रेक लागलाय आणि चाक-रूळ मिळून ०.१ एवढी पकड देतायत असं धरा, तर थांबायला साधारण ३९० मीटर लागतात. पकड ०.०३ वर आली की हेच अंतर १३०० मीटरच्या पुढं जातं. आणि ०.०३ हा काही हवेतला आकडा नाही, ओल्या पानांचा चिरडून काळा चिकट थर बसलेल्या रुळावर ०.०५ च्या खालची पकड मोजली गेलीय. तेच रूळ कोरडे आणि स्वच्छ असले की ०.४ ते ०.६, पावसानं नीट धुतलेले असले की ०.२ ते ०.३. स्टील तेच, चाक तेच, लोड तोच. म्हणून "या रूळ-स्टीलचा म्यू किती" हा प्रश्नच अर्धवट आहे, म्यू मधे अडकलेल्या मळाचा असतो. मॉरिस गोदे यांनी फ्रान्समधे ल्यों इथं १९७० च्या दशकात याला 'थर्ड बॉडी' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे चाक पहिली बॉडी, रूळ दुसरी आणि मधला गंज, झिजलेल्या लोखंडाची भुकटी, पाणी, ग्रीस, वाळू, पानं हे सगळं मिळून तिसरी. तुम्ही जो रिसर्च करणार आहात तो खरं तर या तिसऱ्या बॉडीवरच असणार आहे.

आधी कॉन्टॅक्टचा हिशोब

एका चाकावर १० टन लोड धरला तर तो साधारण १०० किलोन्यूटन होतो. तो उतरतो अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, साधारण १ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की सरासरी दाब येतो १ गिगापास्कल, आणि मधोमध त्याहून जास्त. हे गणित जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झनं १८८२ सालीच करून ठेवलंय, तेच आजही वापरतात. हा आकडा माहिती असायलाच हवा कारण लॅबमधली टेस्ट याच दाबाच्या आसपास नसेल तर मिळालेल्या म्यूला रेल्वेत कुणी विचारत नाही. १०० मेगापास्कलवर छान टिकणारी वंगणाची फिल्म १५०० वर पहिल्या काही फेऱ्यांतच पिळून बाहेर निघते.

दुसरी गोष्ट क्रीप. चाक रुळावर नुसतं लोळत नाही, ओढताना किंवा ब्रेक मारताना अगदी थोडंसं घसरत लोळतं. कॉन्टॅक्टचा पुढचा भाग चिकटलेला असतो, मागचा घसरत असतो, आणि ओढ वाढवत नेली की घसरणारा भाग पुढं पुढं सरकत शेवटी सगळा पॅच, म्हणजे टेकलेली सगळी जागा, खातो. कार्टरनं १९२६ मधे इंजिनाच्या चाकासाठी हे मांडलं, पुढं काल्करनं ते तिन्ही दिशांना नेलं. कोरड्या स्थितीत साधारण १ ते २ टक्के क्रीपला ट्रॅक्शन, म्हणजे ही ओढ, शिखराला पोचतं. म्हणून एका क्रीपवर एक म्यू मोजून "झालं" म्हणू नका, शून्याजवळून सुरू करून क्रीप वाढेल तसा म्यू कसा बदलतो त्याचा पूर्ण वक्र (ग्राफ) काढा. शिखरानंतर वक्र खाली घसरतो की वर चढत राहतो, यात खूप काही असतं. वळणावर कान किटवणारा जो किर्रर्र आवाज येतो त्याच्या मागं बऱ्याचदा हा घसरता वक्र असतो, आणि रुळाच्या माथ्यावर लावायची जी फ्रिक्शन मॉडिफायर असतात (बरीचशी पाण्यात कालवलेली, पाणी उडून गेलं की मागं घन कणांचा पातळ थर उरतो) ती म्यू ०.३५ च्या आसपास आणतातच पण वक्र चढता ठेवतात, खरी किंमत तिथं आहे. एकच आकडा दिलात तर ही गोष्ट रिपोर्टमधे दिसणारच नाही.

मशीन कोणतं घ्यायचं

जे हाताशी आहे ते, असं उत्तर बहुतेक लॅबमधे असतं, पण प्रत्येकाची मर्यादा ओळखून. फोर-बॉल टेस्ट ग्रीसच्या डेटाशीटवर हमखास असते, पण त्यात बेअरिंग स्टीलचे गोळे एकमेकांवर नुसते घासतात, लोळणं नाहीच. त्यातलं रँकिंग गेज फेसवर तसंच्या तसं लागू होईल असं धरू नका, सगळ्यात जास्त फसगत इथं होते. पिन-ऑन-डिस्क (फिरत्या तबकडीवर दाबलेली पिन) पण घासण्याचीच टेस्ट, फ्लँजच्या बाजूच्या झिजेचा ढोबळ अंदाज घ्यायला किंवा वीस सॅम्पलमधून पाच निवडायला ठीक. बॉल-ऑन-डिस्कची जी छोटी ट्रॅक्शन मशिन्स असतात त्यात बॉल आणि डिस्क वेगवेगळ्या मोटरवर असल्यानं क्रीप पाहिजे तेवढा लावता येतो, वक्र भराभर निघतात, पण पॅच फार छोटा, त्यामुळे वाळूचा किंवा पानाचा तुकडा त्यात घालून काही अर्थ निघत नाही.

मुख्य काम ट्विन-डिस्कवर होतं. एक डिस्क चाकाच्या स्टीलमधून कापलेली, एक रुळाच्या. दोन्ही एकमेकींवर दाबून वेगवेगळ्या वेगानं फिरवायच्या. शेफील्ड विद्यापीठाची सुरोस नावाची रिग या क्षेत्रात सगळ्यांना माहिती आहे, तिच्या नेहमीच्या सेटिंग्ज धरल्या तरी चालतात म्हणजे दुसऱ्यांच्या निकालांशी तुलना करता येते : डिस्कचा व्यास ४७ मिमी, कॉन्टॅक्टची रुंदी १० मिमी, १५०० मेगापास्कल दाब, ४०० आरपीएम, १ टक्का स्लिप (म्हणजे वरचा क्रीपच). या मापांना १५०० मेगापास्कल मिळवायला लोड ७ किलोन्यूटनच्या थोडा वर लागतो, हर्ट्झच्या लाइन कॉन्टॅक्टच्या सूत्रात टाकून स्वतः काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

याची कमजोरीपण सांगून ठेवतो. ४०० आरपीएमला पृष्ठभागाचा वेग येतो सेकंदाला साधारण १ मीटर, आणि १०० किमीनं जाणारी गाडी असते २८ मीटरवर. तेलाच्या फिल्मची जाडी वेगावर अवलंबून असते त्यामुळे द्रव वंगणाचे निकाल थेट गाडीला चिकटवू नका. दुसरं म्हणजे डिस्कवरची तीच जागा दर सेकंदाला सहा-सात वेळा दाबली जाते, रुळावर तेवढ्या वेळात पाणी उडतं, गंज धरतो, धूळ बसते. लॅबमधली डिस्क म्हणजे कधीच विश्रांती न मिळणारा रूळ.

ट्विन-डिस्कवर प्रत्यक्ष टेस्ट

सॅम्पल खऱ्या चाकातून आणि खऱ्या रुळातून कापा, बाजारातलं कुठलंही कार्बन स्टील आणून नको. रूळ आर २६० ग्रेडचा असेल तर हार्डनेस २६० ते ३०० ब्रिनेलमधे यायला पाहिजे, डिस्क बनल्यावर परत तपासा. रुळाची डिस्क माथ्याजवळच्या धातूतून घ्या. ग्राइंड करून रफनेस १ मायक्रॉनच्या आसपास आणा आणि प्रत्येक डिस्कवर, बाजूच्या चेहऱ्यावर, नंबर आणि फिरण्याची दिशा कोरून ठेवा. ही दिशा नंतर मायक्रोस्कोपखाली लागते, तेव्हा आठवणीवर भरवसा ठेवून चालत नाही.

मग सफाई. अॅसिटोनमधे अल्ट्रासॉनिक बाथ, कोरडं करायचं, आणि त्यानंतर पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल सुरुवातीच्या फेऱ्यांत ग्राफवर दिसतं, गंमत नाही. ०.१ मिलिग्रॅम वाचणाऱ्या काट्यावर वजन, प्रत्येक डिस्कचं तीनदा.

स्लिपवर जरा थांबतो कारण चांगल्या चांगल्या डेटाची वाट इथं लागलेली असते. ४०० आरपीएमला १ टक्का स्लिप म्हणजे दोन डिस्कमधे फक्त ४ आरपीएमचा फरक. आता एका डिस्कचा व्यास ०.१ मिमीनं कमी झाला, ग्राइंडिंगमधे म्हणा किंवा झिजून, तर पृष्ठभागाचा वेग ०.२ टक्क्यांनी बदलला. म्हणजे तुम्ही १ टक्का समजताय आणि प्रत्यक्षात चाललाय ०.८ किंवा १.२. वक्राच्या चढत्या भागात एवढ्यानं म्यू सरळ सरळ वेगळा येतो आणि मग माणूस दोन ग्रीसमधे फरक सापडला म्हणून खूश होतो, फरक होता व्यासात. त्यामुळे प्रत्येक टेस्टच्या आधी आणि नंतर दोन्ही व्यास मायक्रोमीटरनं मोजायचे, कंट्रोलरमधे नवीन आकडे टाकायचे, लांब टेस्ट असेल तर मधे थांबवून पण. कंटाळवाणं आहे, करा.

म्यू काढायचा टॉर्कवरून : टॉर्क भागिले (लोड गुणिले डिस्कची त्रिज्या). वरच्या सेटिंगला म्यू ०.४ असेल तर टॉर्क ७० न्यूटनमीटरच्या जवळपास यायला हवा. लोड न लावता नुसत्या डिस्क फिरवून बेअरिंगचा स्वतःचा टॉर्क किती ते आधी नोंदवा आणि वजा करा, कोरड्या टेस्टमधे तो खपून जातो पण ग्रीसच्या टेस्टमधे म्यू ०.०५ असताना तोच मोठा दिसतो.

आता क्रम. पहिल्यांदा कोरडं चालवा. नवीन डिस्कवर म्यू खाली सुरू होतो, चढतो, मग एका पट्ट्यात स्थिर होतो. स्थिर झाल्यावरच वंगण. रिग चालू ठेवूनच मोजलेली मात्रा लावा, सिरिंजनं किंवा वजन केलेल्या ब्रशनं, "थोडंसं" हे माप नाही. म्यू धाडकन खाली येईल, काही काळ तळाला राहील आणि मग हळूहळू किंवा एकदम वर चढेल. यातून तीन गोष्टी लिहून घ्या : तळ किती, तळाला किती फेऱ्या टिकला, आणि परत कोरड्याच्या पातळीला यायला किती फेऱ्या लागल्या. ग्रीस विकणारा पहिली गोष्ट छापतो, रेल्वेला खरी गरज दुसरीची असते, कारण ट्रॅकच्या कडेला बसवलेला लुब्रिकेटर चाकांना जे ग्रीस चिकटवतो ते पुढं किती लांब जाईल हे टिकण्यावर ठरतं. तळ ०.०६ आणि ०.०८ असा फरक असेल तर त्यावर भांडू नका, पण एक दुप्पट फेऱ्या टिकत असेल तर तो विषय आहे.

मात्रा अर्धी आणि दुप्पट करून पण बघा. काही ग्रीस जास्त मात्रेत छान वागतात आणि अपुऱ्या मात्रेत एकदम हात वर करतात, ट्रॅकवर तर बहुतेक चाकांना अपुरंच मिळतं. मग त्यावर पाणी टाका, वाळूची चिमूट टाका, गंजाची भुकटी टाका. शेवटचं विशेष करून बघण्यासारखं आहे : थेंब थेंब पाणी आणि लोह-ऑक्साइड मिळून डिस्कवर काळपट तांबूस लापशीसारखी पेस्ट होते आणि म्यू नुसत्या पाण्यापेक्षा बराच खाली जातो. भरपूर पाणी सोडलं की पेस्ट धुऊन जाते आणि म्यू परत वर. दंव किंवा रिमझिम पावसात चाकं घसरतात पण मुसळधार पावसात तेवढी घसरत नाहीत, त्याचं बरंचसं उत्तर या एका टेस्टमधे डोळ्यांसमोर दिसतं.

प्रत्येक टेस्ट किमान तीनदा, आणि नवीन डिस्कवर. ग्रीस लागलेली डिस्क धुऊन परत "कोरडी" म्हणून वापरायची नाही. ईपी (जास्त दाबासाठी घातलेली) आणि इतर अॅडिटिव्ह पृष्ठभागावर रासायनिक थर सोडून जातात, अॅसिटोननं तो निघत नाही.

झीज बघताना

वजनातली घट, पार केलेलं अंतर आणि कॉन्टॅक्टचं क्षेत्रफळ यांनी भागा, मायक्रोग्रॅम प्रति मीटर प्रति चौरस मिमी असं एकक येतं. आडव्या अक्षावर टी-गॅमा भागिले क्षेत्रफळ घ्या, म्हणजे ट्रॅक्शन बल गुणिले स्लिप, थोडक्यात कॉन्टॅक्टमधे दर मीटरला किती ऊर्जा जिरते ते. असं मांडलं की पायऱ्या दिसतात : सौम्य झीज, मग तीव्र, मग एकदम हाताबाहेर. गेज फेसवर ग्रीस लावण्याचा मोठा फायदा म्हणजे तुम्ही तीव्रमधून सौम्य पायरीवर उतरता, तिथं फरक थोड्या टक्क्यांचा नसतो, कित्येक पटींचा असतो.

पायरी कुठली ते काट्याच्या आधी डोळ्यांना कळतं. रिगखाली पांढरा कागद ठेवा. तांबूस-तपकिरी बारीक पावडर पडतेय तर सौम्य. चकचकीत पापुद्रे पडायला लागले, बोटांत धरून चुरगाळले तर टोचणारे, तर पृष्ठभाग प्लॅस्टिक होऊन थराथरानं सोलतोय. त्याच सुमारास आवाज पण बदलतो. कागदावरचा कचरा डबीत भरून तारीख टाकून ठेवा, फुकटचा डेटा आहे.

तड्यांचं काय

हा भाग वंगणवाल्या प्रोजेक्टमधे बरेच जण वगळतात आणि परीक्षक नेमका हाच विचारतो. झीज कमी झाली म्हणजे रूळ सुरक्षित झाला असं नाही. पृष्ठभागावर बारीक तडे सतत जन्माला येत असतात आणि थोडी झीज त्यांना वाढायच्या आत खरवडून टाकते. झीज फारच थांबवली तर तडे राहतात. त्यात पाणी किंवा पातळ तेल शिरलं की चाक वरून जाताना तोंड बंद होतं, आत अडकलेला द्रव टोकाला दाब देतो आणि तडा खोल जातो. उलट, वंगणानं ट्रॅक्शन कमी केलं तर तडे सुरूच कमी होतात. म्हणजे वंगण दोन्ही बाजूंनी खेळतं, कोणती बाजू जिंकते ते कधी लावलं यावर बरंच ठरतं. ट्विन-डिस्कवर हे दाखवता येतं : एक जोडी पहिल्यापासून वंगणात चालवा, दुसरी आधी काही शे फेऱ्या कोरडी आणि मग पाण्यात. दुसरीत तडे लवकर आणि मोठे मिळतात, कारण कोरड्यात सुरू झालेल्या तड्यांना नंतर पाणी मिळालं.

टेस्ट झाल्यावर डिस्क फिरण्याच्या दिशेला समांतर कापा, पॉलिश करा, २ टक्के नायटलनं (अल्कोहोलमधलं नायट्रिक अॅसिड) एच करा, म्हणजे स्टीलची रचना दिसेल इतपत खरवडू द्या. वरच्या थरात पर्लाइटचे (रूळ-स्टीलच्या मूळ रचनेचे) दाणे एका बाजूला आडवे झालेले, केस विंचरल्यासारखे नाही तर अक्षरशः ताणून पातळ पट्ट्या झालेले दिसतील, आणि तडे त्याच पट्ट्यांच्या कलानं आत जातात. कोरलेली दिशा इथं कामाला येते. चालवणारी डिस्क आणि ओढली जाणारी डिस्क यांच्यात तडे सारखे वाढत नाहीत, म्हणून दोन्ही कापा. ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतं त्यांनी इंग्लंडमधल्या हॅटफिल्डचा अपघात वाचावा, १७ ऑक्टोबर २००० ला वळणावरचा रूळ गेज कॉर्नरवरच्या (माथा आणि गेज फेस यांच्यामधल्या कोपऱ्यावरच्या) अशाच थकव्याच्या तड्यांमुळे गाडीखाली तुकडे तुकडे झाला, ४ जण गेले.

ट्रॅकवर मोजताना

लॅबमधलं ग्रीस ट्रॅकवर नेण्याआधी रेल्वेची लेखी परवानगी, ब्लॉक (त्या वेळेपुरती गाड्या बंद) आणि लुकआउट (गाडी येतेय का बघणारा माणूस), यात तडजोड नाही. युरोपात या विषयाला ईएन १५४२७ हे स्टँडर्ड आहे, ते आधी चाळून घ्या म्हणजे लुब्रिकेटरबद्दल काय काय विचारलं जाईल ते कळतं.

मोजायला हातानं ढकलत न्यायचा ट्रायबोमीटर असतो, छोटं चाक रुळावर टेकवून घसरेपर्यंत ब्रेक लावतो आणि म्यू सांगतो. माथा आणि गेज फेस वेगवेगळे मोजा, दोन्ही रुळांवर. त्याचं चाक छोटं आणि लोड हलका, त्यामुळे तो जे वाचतो ते गाडीच्या चाकाला तसंच मिळत नाही, पण आधी-नंतरची तुलना करायला चांगला. रस्त्याची घसरण मोजायचा पेंडुलम पण काही जण वापरतात, कमी पकडीच्या जागा शोधायला सोयीचा पडतो, रबरचा पॅड आहे एवढं लक्षात ठेवा. मोजताना रुळाचं तापमान (हवेचं वेगळं, रुळाचं वेगळं), हवेतली आर्द्रता आणि शेवटची गाडी जाऊन किती वेळ झाला ते लिहा. गाडी गेल्या गेल्या मोजलेला आणि तासाभरानं मोजलेला म्यू एक नसतो.

वळणावर चारी ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. बाहेरच्या रुळाच्या गेज फेसवरचं ग्रीस सरकत सरकत माथ्यावर चढलं आणि आतला रूळ कोरडाच राहिला, तर बोगीला वळायला जी मदत दोन चाकांच्या ओढीतून मिळते ती कमी होते आणि फ्लँज उलट जास्त जोरानं दाबली जाते. ज्या वळणावर ग्रीस लावून पण गेज फेस झिजत राहतो तिथं हे आधी तपासा, ग्रीसला शिव्या नंतर द्या. आणि माथ्यावर ०.३ च्या खाली रीडिंग यायला लागलं की लुब्रिकेटरची मात्रा लगेच कमी करायला सांगा, ट्रायलचं वेळापत्रक बाजूला ठेवून.

थंडीत अजून एक कटकट : ग्रीस घट्ट होतं, पंप ते ढकलत नाही, आणि ट्रॅकच्या कडेचा लुब्रिकेटर कोरडाच चालत असतो. एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर) २ च्या ग्रीसचं कोन पेनिट्रेशन, म्हणजे ग्रीसमधे शंकू किती खोल रुततो ते माप, २५ अंशाला २६५ ते २९५, १ नंबरचं ३१० ते ३४०, पण हे सगळं २५ अंशांचं आहे. तुमच्या ट्रायलच्या पहाटे रुळाचं तापमान किती असतं ते बघा आणि त्या तापमानाला ग्रीस पंपातून निघतं का हे आधी लॅबच्या फ्रीजमधे पाइपचा तुकडा ठेवून तपासा. रोज सकाळी टाकीतली पातळी पट्टीनं मोजून वहीत लिहायची, कारण महिन्याभरानं झिजेचे आकडे वाईट आले तर पहिला प्रश्न येतो तो हाच, की ग्रीस रुळापर्यंत पोचत तरी होतं का.